सहा नंबरच्या गाळ्यातली पावडी

मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१९, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे. कोष्टी ओळीतल्या नव्या इमारतीत, सहा नंबरच्या बंद गाळ्यात, फरशीखालून आवाज सुरू झाला.

तो पहिल्यांदा इश्वर मिस्त्रीने ऐकला. तो शेजारच्या सात नंबरच्या गाळ्याचे शटर बसवत होता. एक जड ठोका, एक हलका, मग श्वास घेण्याएवढी जागा, आणि पुन्हा जड. इश्वरने भिंतीला कान लावला, मग जमिनीला. सहा नंबरला बाहेरून कुलूप होते. पाच तेवीसला आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दोन चाळीसला सुरू झाला आणि पाच तेवीसला थांबला.

"उंदीर असन," असे वरच्या मजल्यावर राहायला आलेला संजीव म्हणाला.

"भाऊ, उंदीर असता तर मधातच दमला असता," इश्वर म्हणाला. "हा टाइमावर येते, टाइमावर जाते. सरकारीही नाही म्हणता येत."

त्याच मंगळवारी, त्याच गाळ्याच्या बरोबर वरच्या खोलीत, संजीवचे वडील मधुकरराव खिडकीशी खाटेवर बसले होते. तीन वाजता त्यांची बायको दुर्गाबाई चहा घेऊन आली. पेला कलंडला आणि उकळता चहा मधुकररावांच्या डाव्या पायावर सांडला. पाय हलला नाही.

"अजी, पाय भाजला न!"

"कोणाचा?" मधुकररावांनी विचारले.

कोष्टी ओळ वैनगंगेच्या घाटापासून बसस्टँडपर्यंत जाते. लांबी तीनशे चाळीस मीटर, घरे एकसष्ट. १९९९ साली जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा ओळीत बावीस माग चालू होते. २०१७ साली चालू माग एक राहिला होता, मधुकररावांचा. निम्म्या घरांच्या पुढच्या खोल्या बंद होत्या. गिऱ्हाईक साडी घ्यायला नागपूरला जात होते आणि तरुण माणसे साकोलीच्या हायवेवर हॉटेलांत काम शोधत होती.

नगरपालिकेने ओळीचा विकास आराखडा करायला घेतला. तो नागपूरच्या दामिनी मॅडमने आखला. त्या एकतीस वर्षांच्या होत्या आणि नगररचना शिकलेल्या. आठवड्यातून दोनदा बसने येत आणि डबा ओळीतच खात. आराखडा साधा होता. खाली रस्त्याला तोंड करून दुकाने, वर राहती घरे, मागे सर्वांची मिळून एक मागशाळा, मधल्या चौकात कडुलिंबाभोवती बसायचा पार. दिवसभर कोणत्या ना कोणत्या कामासाठी माणूस ओळीत असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या टप्प्यात उत्तरेकडची बाजू, बारा गाळे.

लोकांना पटवायचे काम संजीवने केले. वय एकेचाळीस, मोबाइल दुरुस्तीचे दुकान, रहिवासी समितीचा अध्यक्ष. एकसष्टपैकी बावन्न घरांच्या सह्या त्याने आणल्या. शेवटची सही वडिलांची होती.

ती सही झाली त्या सभेत मधुकररावांनी नकाशावर बोट ठेवून दामिनी मॅडमला विचारले होते, "ह्याच्यात मी कुठी हाव?"

"इथे काका. पहिला मजला, खिडकी रस्त्यावर."

"मी वरत. अन् पाय?"

सभा हसली. मधुकररावही हसले. त्यांचा माग खड्ड्याचा होता. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, आणि खाली पायांशी पावडी असते. पावडी म्हणजे दोन लाकडी पट्ट्या. डावी दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर जातात, उजवी दाबली की उरलेले अर्धे. मधुकरराव त्या खड्ड्यात एकोणसाठ वर्षे पाय सोडून बसले होते.

"मागशाळेत उंच माग आहेत काका. खुर्चीवर बसून चालवायचे. कंबर दुखणार नाही."

"बरं," मधुकरराव म्हणाले आणि सही केली. पेन परत देताना एक वाक्य बोलले, ते सभेच्या इतिवृत्तातही आहे: "माही पावडी मी काढीन."

हे सांगायची खरे तर गरज नव्हती. ओळीत नियमच तसा होता. ज्याचे पाय, त्याची पावडी. बाप आजारी पडला तर मुलगा बापाच्या मागावर बसे, पण स्वतःची पावडी बांधून. माणूस वारला की उचलण्याआधी त्याची पावडी त्याच्या तळपायांना लावत आणि ती त्याच्याबरोबर नदीवर जाई. जिवंत माणसाच्या पावडीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. असे का, हे ओळीत कोणी विचारत नव्हते आणि नियम मोडल्याचे उदाहरणही कोणाला आठवत नव्हते.

खड्डे भरायचा दिवस २३ मे २०१८ ठरला. काँक्रीटचे यंत्र एकाच दिवसासाठी मिळणार होते. मधुकररावांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नागपूरला एकवीस तारखेला होते, ते साखर वाढल्यामुळे दोन दिवस पुढे गेले. तेवीस तारखेच्या सकाळी सुतारांनी माग सोडवला. चौकट, फणी, धोटा, सगळे बाहेर आले. पावडीच्या दोऱ्या कापल्या. खड्ड्यात पावडी तेवढी राहिली.

संजीव खड्ड्याच्या काठावर उभा होता. पावडी काढायची तर नियम मोडत होता. थांबायचे तर यंत्र जात होते. त्याने दोन्ही टाळले. "हात लावू नका," त्याने इश्वरला सांगितले. "आहे तशीच राहू द्या. वरून भरा."

त्याला वाटले, नियम पाळला.

अकरा नंबरच्या चंद्रभागाबाईंनी त्याला तेव्हाच गाठले होते. त्यांचे यजमान पुंडलिकराव सुरतेला यंत्रमागावर कामाला गेले आणि २०१२ मध्ये तिकडेच वारले. अग्नीही तिकडेच दिला. त्यांची पावडी घरच्या खड्ड्यात फळीखाली पडून होती.

"संजू, आमच्यायच्या पावडीचं कसं करू?"

"राहू द्या काकू. कोणी हात नाही लावणार."

सव्वीसला मधुकरराव डोळ्याला हिरवी पट्टी लावून परतले. पहिला प्रश्न तोच होता. "पावडी?"

"हात नाही लावला कोणी, बाबा."

मधुकरराव आत गेले. जिथे खड्डा होता तिथे ओले काँक्रीट होते आणि त्यावर पोत्याचे तरट टाकलेले होते. मग त्यांनी चप्पल मागितली आणि बाहेर येऊन बसले. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत.

इमारत नऊ महिन्यांत उभी राहिली. जुन्या घरांच्या जागीच नवे गाळे आले: मधुकररावांचा खड्डा सहा नंबरखाली, पुंडलिकरावांचा अकरा नंबरखाली. तोवर त्या बाजूची सगळी कुटुंबे बाजाराच्या मैदानावर टिनाच्या शेडमध्ये होती. सोमवारी, ११ फेब्रुवारीला, पहिल्या सहा कुटुंबांना तात्पुरता ताबा मिळाला. संजीवचे कुटुंब त्याच दिवशी वर राहायला आले. मधुकरराव त्या फरशीच्या वर पहिल्यांदा झोपले. आवाज दुसऱ्या दिवशी सुरू झाला.

डॉक्टरांनी पाय तपासले. सुई टोचली, हातोडी मारली, नागपूरहून कमरेचा फोटो काढून आणायला सांगितले. फोटोत काही निघाले नाही.

दुर्गाबाईने आपल्या परीने मोजायला सुरुवात केली. रोज सकाळी ती मधुकररावांच्या पायाला खालून वर सुई लावत जाई. जिथे ते "हां" म्हणत, तिथे ती पांढरा सुती धागा बांधे. बुधवारी धागा घोट्यावर होता. गुरुवारी दोन बोटे वर. शुक्रवारी आणखी दोन. दोन्ही पायांवर सारखेच. दुपारी दोन चाळीसला, खाली आवाज सुरू झाला की, मधुकररावांची मांडी हलत नसे, पोटरी हलत नसे, पण चेहरा काम करणाऱ्या माणसाचा होई. डोळे दीड हात अंतरावर स्थिर. कोणी बोलले तर ते हाताने थांब म्हणत.

"दुखते का जी?" दुर्गाबाईने एकदा विचारले.

"दुखाले पाय इथं पाहिजेत न."

शनिवारी दामिनी मॅडम आल्या. त्यांनी सहा नंबरचे कुलूप उघडून घेतले. बाहेर ऊन होते, आत नव्या रंगाचा वास होता. दोन चाळीसपर्यंत काही नव्हते. मग त्यांच्या सँडलच्या तळाला ठोका लागला. डावा, उजवा. त्यांनी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला सव्वीस जोड्या.

"पंप आहे का कुठे जवळ?"

"नाही मॅडम," इश्वर म्हणाला.

त्यांनी इश्वरची पाणी भरलेली लेव्हलची नळी मागवली. फरशी मधोमध नऊ मिलिमीटर खचली होती. सगळी नव्हे. चार फूट बाय अडीच फूट एवढाच तुकडा, कडा सरळ.

"भराव बसतोय. धुमस नीट झाली नसेल."

"मॅडम, मी सोता धुमसलं. अर्धा दिवस. मुरूम, खडी, वरून चार इंच काँक्रीट. त्याच्यावर ट्रक उभा करा."

रविवारी त्यांनी फोनवरून माप विचारले. बारा मिलिमीटर. सोमवारी पंधरा. बुधवारी त्या पुन्हा आल्या तेव्हा एकवीस. रोज तीन. त्यांनी वर जाऊन मधुकररावांच्या पायावरचा धागा पाहिला, दुर्गाबाईला तारखा विचारल्या, वहीत दोन रकाने पाडले आणि वही बंद केली.

शुक्रवारी, २२ तारखेला, सकाळी अकरा वाजता पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी पाहणी होती. दाखला मिळाला की शेडमधली कुटुंबे वर येणार होती आणि दुसरा टप्पा सुरू होणार होता. फोडलेली फरशी दिसली तर दाखला नाही. पुढे निवडणुकीची आचारसंहिता. मग जूनपर्यंत काही नाही, म्हणजे उन्हाळा टिनाखाली.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला वरच्या खोलीत चौघे होते. मधुकरराव खाटेवर, दुर्गाबाई त्यांच्या पायाशी, दामिनी मॅडम दाराशी, संजीव उभा. धागा गुडघ्याच्या खाली चार बोटांवर होता.

"फोड ते," दुर्गाबाई म्हणाली.

"माय, शुक्रवार होऊ दे. सोमवारी फोडतो. मी पक्कं सांगून राहिलो तुले."

"सोमवारी?"

"चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मंग मोज."

"काय मोजू?"

"रोजचे दोन बोटं. सोमवारपावतो धागा कुठी राहीन, तुह्याच बोटांनी मोज. आम्ही अडाणी माणसं, समितीचा अध्यक्ष तू हायेस."

संजीव खाली बसला. त्याने वडिलांच्या नडगीवर, धाग्याखाली, बोटे ठेवली. कातडी माठासारखी गार होती. मग धाग्यापासून वर गुरुवारची दोन, शुक्रवारची दोन. तिथे गुडघा आला. शनिवार, रविवार, सोमवार. बोटे मांडीवर आली. मधुकरराव मुलाच्या हाताकडे पाहत होते. धाग्याखाली बोटे टेकली ती त्यांना फक्त डोळ्यांनी कळली होती. धागा ओलांडताच ते म्हणाले होते, "आता लागला तुहा हात."

"खड्ड्यात माणूस कमरेपावतो बसते," दुर्गाबाई म्हणाली.

संजीवने दामिनी मॅडमकडे पाहिले. आराखडा त्यांचाही होता. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे याचं कारण नाही. माप आहे. मापावरून विचारलं तर, उद्याच फोडा."

संजीवने इश्वरला फोन लावला.

गुरुवारी सकाळी दहाला फोडायला सुरुवात झाली. बातमी मैदानावर पोचली होती. साडेदहापर्यंत शेडमधली तीसेक माणसे गाळ्यापुढे उभी होती.

"का बे संजू," हिरालाल म्हणाला. तो पाच लेकरांना घेऊन शेडमध्ये राहत होता. "तुह्या बापाच्या पायासाठी आमी जूनपावतो टिनात भाजाचं का?"

"होय, हिरालालभाऊ," संजीव म्हणाला. "तसंच आहे ते."

हिरालालने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. पण तो गेला नाही. चंद्रभागाबाई मागे, कडुलिंबाच्या पाराजवळ उभ्या होत्या.

काँक्रीट कठीण होते. दोन वाजेपर्यंत हातभर रुंदीचा खळगा पडला, आरपार नाही. इश्वर जेवायला बसला. छिन्नी, हातोडा, सगळे बाजूला ठेवलेले असताना दोन चाळीसला आवाज सुरू झाला. या वेळी तो दबलेला नव्हता. लाकडावर लाकूड लागत होते. गर्दी दोन पावले मागे सरली.

तीन वाजून दहा मिनिटांनी तुकडा पहारीने उचलला गेला. खाली भराव नव्हता. मुरूम नाही, खडी नाही. इश्वर वाकून पाहत राहिला आणि मग त्याने कानाच्या पाळ्यांना हात लावला. खड्डा मोकळा होता, नुकताच सारवल्यासारखा. तळाशी पावडीच्या दोन्ही पट्ट्या होत्या. डावी खाली गेली. वर आली. उजवी खाली गेली. सुतारांनी कापलेल्या दोऱ्या ताठ उभ्या होत्या आणि फरशीच्या पातळीवर येऊन संपत होत्या. त्यांच्या टोकांना काही बांधलेले नव्हते. हे पाहणारे निदान अकरा जण आहेत आणि त्यांच्या सांगण्यात फरक नाही.

मधुकररावांना खुर्चीवर बसवून खाली आणले. संजीवने त्यांना काठावर टेकवले आणि त्यांचे पाय एकेक करून खड्ड्यात सोडले. आधी डावा, मग उजवा. तळवे पावडीवर टेकले. लय तुटली नाही. आता पावडी पाय हलवत होती की पाय पावडी, हे वरून सांगता येत नव्हते.

दुर्गाबाईने वाकून पोटरीला सुई लावली.

"अवं, टोचते न!" मधुकरराव ओरडले. "भरल्या लोकांत काय लावलं!"

गर्दीत कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले. दुर्गाबाईने पदर तोंडाला लावला. तिने दोन्ही पायांचे धागे सोडले आणि मुठीत धरले. तेव्हा तीन छत्तीस झाले होते.

संजीव खड्ड्याशेजारी उकिडवा बसला. "बाबा, झालं. आता काढा पावडी. तुमच्याच हातानं. कोणी हात नाही लावणार."

मधुकरराव वाकले. त्यांनी उजव्या हाताने पावडीची दोरी धरली. मग सोडली.

"आता कशी काढू? कापडाचं थान अर्ध्यावर आहे."

"कोणतं थान?"

मधुकररावांनी पुढे बोट दाखवले. पुढे दीड हातावर काही नव्हते. त्यापलीकडे नवी पांढरी भिंत होती.

"बाबा, माग तर मागशाळेत नेला. इथं नाही आहे."

"तुले दिसत नसन तर सरक. उजेड अडवून राहिला."

संजीव सरकला. मधुकररावांचा उजवा हात वर गेला, दोरी ओढल्यासारखा खाली आला, डाव्या हाताने पुढचे काही जवळ ओढले. पाच तेवीसपर्यंत ते असेच चालले. मग पावडी थांबली, त्यांनी हात पुसले आणि वर उचलून न्या म्हणाले. वरच्या खोलीत दुर्गाबाईने पुन्हा सुई लावली. जाणीव घोट्यापर्यंत होती. घोट्याखाली नव्हती. तिने धागा घोट्यावर बांधला.

"थान कधी होईन जी?"

"होळीपावतो. घाई केली तर विरळ येते."

शुक्रवारी अकरा वाजता पाहणी करणारे आले. त्यांनी बारा गाळे पाहिले, सहा नंबरच्या दाराशी थोडे थांबले आणि पाहणी पुढे ढकलल्याचे पत्र देऊन गेले. पत्रात कारण "तळमजल्यावरील अपूर्ण काम" असे आहे. त्याच दुपारी दामिनी मॅडमनी नकाशाच्या प्रतीवर सहा नंबरच्या चौकोनात लिहिलेले "दुकान" पेन्सिलने खोडले आणि "माग, चालू" असे लिहिले. ही दुरुस्ती मंजुरीसाठी पाठवायची की नाही, हे त्यांनी ठरवलेले नाही.

दोन चाळीसला मधुकरराव पुन्हा काठावर होते. शनिवारीही होते. दोन्ही सकाळी धागा घोट्यावरच होता.

चंद्रभागाबाईंकडे अकरा नंबरच्या वरच्या खोलीची किल्ली ११ तारखेपासून होती, पण त्या शेडमध्येच राहत होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्या एक गाठोडे आणि पितळी गडवा घेऊन वर आल्या. का आल्या म्हणून दुर्गाबाईने विचारले.

"आमच्यायच्या पावडीचं ऐकू येते का, ते ऐकाले," त्या म्हणाल्या.

शनिवार, २३ फेब्रुवारी. संध्याकाळी सहा वाजता दामिनी मॅडम आणि इश्वर यांनी अकरा नंबरच्या गाळ्यात लेव्हलची नळी लावली. फरशी मधोमध तीन मिलिमीटर खाली आहे. वर चंद्रभागाबाई दार उघडे ठेवून खाटेवर बसल्या आहेत आणि त्यांनी पायाला सुई लावू दिलेली नाही. पुंडलिकरावांची पावडी कोणी काढायची, हे ओळीत अजून कोणाला सांगता आलेले नाही.